गेममधली भिंत का पडत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. हल्लीच्या गेममध्ये पात्राच्या कपाळावरचा घाम दिसतो, पण रॉकेट मारलं तरी साधा लाकडी दरवाजा तुटत नाही, आणि याचं कारण बनवणाऱ्यांचा आळस, असा त्याचा सूर होता. दरवाजाबद्दल लेखकाचं म्हणणं बरोबर आहे. आळसाबद्दल माझं भांडण आहे. ते मांडायला थोडी जागा लागेल. काटछाट करावीच लागली तर विशेषणं कापा, आकडे ठेवा.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आता निवृत्त. ३१ वर्षं इमारती उभ्या कशा राहतील याचे हिशेब केले. त्यातली शेवटची सात वर्षं बहुतेक काम जुन्या इमारती पाडण्याचं होतं : कुठला कॉलम आधी तोडायचा, कुठला नंतर, आणि पडेल तेव्हा कुणीकडे पडेल. गेम मी नातवामुळे खेळायला लागले. तो शाळेत गेल्यावरही खेळते, हे त्याला ठाऊक नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला रणगाडा चालवायला दिला. चांगला चाळीस टनांचा असेल. मी तो जोरात हाकला आणि गुडघाभर उंचीच्या लाकडी कुंपणाला अडकून बसले. मागे घेतला, पुन्हा हाकला. पुन्हा तेच.

"आजी, तिथून जायचं नसतं."

"का? कशाचं आहे हे कुंपण?"

"कशाचं म्हणजे? कुंपण आहे ते."

तेव्हा हसले, पण पोराने नकळत नेमकं उत्तर दिलं होतं. ते कुंपण कशाचंच नव्हतं. गेममधली भिंत म्हणजे त्रिकोण जोडून शिवलेला पातळ पापुद्रा. त्यावर विटांचं चित्र चिकटवलेलं. आत वीट नाही, मसाला नाही, सळई नाही, वजन नाही. तिच्याभोवती एक न दिसणारी पेटी असते, गेमवाले तिला 'कोलायडर' म्हणतात. तुमचं पात्र धडकतं ते त्या पेटीला. खऱ्या इमारतीत वरचा भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, तिथून पायात आणि पायातून जमिनीत जातो, म्हणून ती उभी असते. गेममधली इमारत उभी असते कारण तिला पड असं कुणी सांगितलेलं नाही. 'माइनक्राफ्ट'मध्ये झाडाचा बुंधा तोडून बघा, वरचा शेंडा हवेत तसाच राहतो. वाळू आणि खडी मात्र खाली पडतात, कारण त्यांना पडायला सांगितलंय.

मग सांगत का नाहीत सगळ्यांनाच? माझी भाची एका गेम स्टुडिओत प्रोग्रामर आहे. तिला फोन लावला. तिने उलट मलाच विचारलं, "मावशी, तुमचं ते सॉफ्टवेअर इमारत पडतानाचं गणित करायला किती वेळ घ्यायचं?"

"मॉडेल बारीक असेल तर रात्रभर. कधी दोन रात्री."

"आणि इमारत पडायला?"

"आठ-दहा सेकंद."

"माझ्याकडे एका फ्रेमला सोळा मिलिसेकंद असतात. त्यातले बहुतेक ग्राफिक्सवाल्यांनी आधीच खाल्लेले. फिजिक्सला दोन-तीन उरले तर नशीब."

सोळा मिलिसेकंदांचा हिशेब सोपा आहे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं यायची तर एकेका चित्राला, म्हणजे फ्रेमला, १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाश, सावल्या, आवाज, शत्रूची हालचाल, तुमच्या बोटाने दाबलेलं बटण, सगळं उरकायचं. आता माझ्या बाजूचा हिशेब. तडा कुठे जाईल हे खरोखर काढायचं तर भिंतीचे छोटे तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढावा लागतो. त्यात एक अट आडवी येते. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी ती १९२८ साली मांडली, आणि माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने तिला शिव्या दिल्या आहेत. धक्क्याची लाट एका तुकड्यातून पलीकडे जायला जेवढा वेळ घेते, त्याहून मोठं पाऊल गणितात टाकायचं नाही. टाकलं तर आकडे उसळतात आणि कागदावरची भिंत आपणहून फुटून आकाशात जाते. काँक्रीटमध्ये ही लाट सेकंदाला साधारण ४,००० मीटर धावते. तुकडा १० सेंटिमीटरचा धरला तर एक पाऊल २५ मायक्रोसेकंदांचं. म्हणजे एका फ्रेममध्ये साडेसहाशेहून जास्त पावलं. चार मीटर लांब, तीन मीटर उंच, २० सेंटिमीटर जाड अशा एका भिंतीत असे २,४०० तुकडे बसतात. गुणाकार केला तर एका भिंतीसाठी, एका फ्रेममध्ये, सोळा लाख हिशेब. शिवाय १० सेंटिमीटरचा तुकडा आमच्या धंद्यात फार ढोबळ. असं मॉडेल मी वरिष्ठांपुढे ठेवलं असतं तर त्यांनी ते दाराबाहेर ठेवलं असतं.

म्हणून गेमवाले ताण काढतच नाहीत. ते भिंत आधीच फोडून ठेवतात. तुकडे पाडून पुन्हा जुळवलेले असतात, धक्का लागला की सांधे सुटतात आणि प्रत्येक तुकडा न वाकणारा, न चुरणारा दगड म्हणून खाली पडतो. यातही सुख नाही. हे तुकडे एकमेकांवर नीट स्वस्थ बसवणं, इतकी साधी वाटणारी गोष्ट गणिताला फार जड जाते. खालचा तुकडा वरच्याला ढकलतो, ते सावरलं की बाजूचा घुसतो, तो सावरला की पहिला बिघडतो. संगणक थोड्या फेऱ्या मारून 'आता चालेल' म्हणतो आणि ढीग थरथरत राहतो. १९९८ साली 'ट्रेसपासर' नावाचा डायनासोरच्या बेटावरचा गेम आला. त्यात जवळपास सगळं खऱ्या भौतिकीवर चालवायचा घाट घातला होता. पेट्या एकावर एक ठेवणं हीच खेळाडूंची डोकेदुखी झाली आणि गेम आपटला. सहा वर्षांनी 'हाफ-लाइफ २'ने हॅवॉक कंपनीचं तयार फिजिक्स इंजिन (वस्तूंच्या पडण्या-आपटण्याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) घेतलं आणि शहाणपणा केला. इमारती तशाच ठेवल्या, सुट्या वस्तूंना मात्र वजन दिलं. एका ठिकाणी सी-सॉसारखी फळी आहे, तिच्या एका टोकावर सिमेंटचे ठोकळे रचले की दुसरं टोक वर येतं आणि चढायला वाट होते. तिथे मला माझ्या पहिल्या वर्गाची आठवण झाली. बल गुणिले अंतर.

गोळीची गंमतही सांगते. रायफलची गोळी सेकंदाला ९०० मीटर जाते धरा. साठ चित्रांमध्ये वाटली तर एका चित्रातून दुसऱ्यात जाताना ती १५ मीटर पुढे गेलेली असते. मध्ये २० सेंटिमीटरची भिंत होती हे संगणकाला कळतच नाही, कारण गोळी भिंतीच्या आत अशी कुठल्याच चित्रात नव्हती. त्यामुळे पुष्कळ गेममध्ये गोळी नसतेच मुळी. बंदुकीच्या तोंडापासून एक सरळ रेष काढतात आणि ती पहिल्यांदा कशाला लागली ते बघतात.

पण संगणकाचा वेग ही अर्धीच गोष्ट. ती अडचण दरवर्षी थोडी थोडी कमी होते आहे. उरलेली अर्धी मला भाचीने कागदावर काढून दाखवली, आणि तेव्हापासून मी गेमकडे वेगळ्या नजरेने बघते.

कुठल्याही इमारतीत आम्ही पहिल्यांदा विचारतो, ही भिंत भारवाहक आहे की नुसती आडोशाची? आडोशाची असेल तर पाडा. मी समजत होते, गेममधल्या सगळ्या भिंती आडोशाच्या. कसलं काय! भाचीने एक खोली काढली आणि विचारलं, "ही भिंत काढली तर काय काय पडेल सांग." मी म्हटलं, "काहीच नाही, वर स्लॅबच नाहीये." मग तिने मोजायला सुरुवात केली.

पहिला पडतो तो उजेड. बऱ्याच गेममध्ये खोलीतला प्रकाश खेळताना काढत नाहीत. स्टुडिओतली यंत्रं तासन्‌तास हिशेब करून तो भिंतींवर आधीच 'बेक' करून ठेवतात. भिंत गेली तरी तिची सावली जमिनीवर तशीच, आणि बाहेरचं ऊन आत येत नाही. मग शत्रू वेडे होतात. त्यांनी कुठून चालायचं याचा नकाशा आधीच आखलेला असतो, 'नॅव्हमेश' म्हणतात त्याला. ढिगारा त्या नकाशात नाही, म्हणून ते ढिगाऱ्यात पाय हलवत उभे राहतात. भोक पडलं ते नकाशात नाही, म्हणून तिथून आत येत नाहीत. भिंतीपलीकडचं काहीच दिसणार नाही या भरवशावर पलीकडचं शहर चितारलेलंच नसतं, किंवा मेमरीत आणलेलं नसतं. ही काटकसर हौसेची नव्हती. प्लेस्टेशन ३ मध्ये एकूण मेमरी २५६ अधिक २५६ मेगाबाइट होती, आणि पाडलेल्या प्रत्येक विटेला त्यातच जागा हवी. गेम सेव्ह करायचा तर कुठे कोणतं भोक आहे तेही लक्षात ठेवायला हवं.

आवाजही भिंतीवर टेकलेला. आणि सगळ्यात जड म्हणजे खेळ स्वतः. किल्ली शोधायला तुम्ही तळघरात जाता कारण दार बंद आहे. शेजारची भिंत रॉकेटने उडवता आली तर किल्ली कशाला, तळघर कशाला, तळघरातला प्रसंग लिहायला ज्याने तीन महिने घालवले तो माणूस तरी कशाला?

म्हणजे गेममधली भिंत माझ्या कुठल्याही इमारतीतल्या भिंतीपेक्षा जास्त भारवाहक निघाली. फक्त भार वजनाचा नव्हता.

यावर मी तिला रोनन पॉइंट सांगितलं. लंडनमधली २२ मजली इमारत, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ ला पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण त्याने बाहेरचा एक भिंतीचा तयार पॅनल ढकलला. वरच्या मजल्यांचे पॅनल त्याच्यावरच उभे होते, ते खाली आले आणि त्यांच्या माराने इमारतीचा तो अख्खा कोपरा तळापर्यंत उतरला. चौघे गेले. त्यानंतर एक आधार गेला तरी बाकीच्यांनी भार वाटून घ्यावा असं बांधायची सक्ती आली. भाची म्हणाली, "आमच्याकडे ती सक्ती नाही. एक पॅनल गेलं की अख्खा गेम खाली."

आता ज्यांनी भिंती पाडून दाखवल्या त्यांच्याकडे येते, कारण आपल्या लेखकाने 'काहींनी केलंच ना!' असा टोलाही हाणला आहे. केलंय. पण प्रत्येकाने बदल्यात काय सोडलं ते बघा.

'रेड फॅक्शन'ने २००१ साली भिंतीत, खडकात भोकं पाडायची सोय दिली. त्याच मालिकेतला २००९ चा 'गुरिला' माझा लाडका. त्यात इमारतींना आधारांचा हिशेब आहे. कॉलम तोडले की वरचं कुरकुरतं, मग वाकतं, मग येतं. कलाकारांनी हौसेने काढलेल्या इमारती त्या हिशेबात घातल्या तेव्हा त्या आपल्याच वजनाने कोसळल्या, असं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं. मी ते वाचून मोठ्याने हसले. आर्किटेक्टबरोबर आयुष्यभर वाद घातलेल्या बाईला याहून गोड बातमी नाही. पण त्या गेमची जागा मंगळ आहे. मोकळं माळरान, त्यावर विखुरलेल्या शेड आणि मनोरे. दाट वस्ती नाही. आणि आधीच्या गेममध्ये खणता येणारी जमीन इथे अभंग करून टाकली.

'टीअरडाउन' २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यात जग १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यांचं आहे (माझ्या हिशेबातला तोच तुकडा!) आणि जवळपास सगळं फुटतं. मी त्यात एक घर खालून कोरत गेले. सगळ्या भिंती काढल्या, एका कोपऱ्यात एकच ठोकळा ठेवला. अख्खं घर त्या एका ठोकळ्यावर शांत उभं! जोडलेलं आहे की नाही एवढंच तो गेम बघतो, ताण बघत नाही. माझ्या हाताखालच्या पोराने असं ड्रॉइंग आणलं असतं तर... जाऊ दे. तरी हा गेम मला हुशार वाटतो, कारण त्यात फोडणं हाच खेळ आहे. निवांतपणे भिंती फोडून पळायची वाट तयार करायची, मग पहिली वस्तू उचलली की धोक्याची घंटा आणि हातात साठ सेकंद. भिंतीवर दुसरा भारच ठेवलेला नाही. माणसं नाहीत म्हणून नॅव्हमेशची कटकट कमी, नकाशे लहान, आणि मूळचा खेळ एकट्याचा.

एकट्याचा हे महत्त्वाचं. चारजण इंटरनेटवरून खेळत असतील तर ढिगाऱ्यातला प्रत्येक आडोसा चौघांच्याही पडद्यावर एकाच जागी पडायला हवा. नाहीतर माझ्या पडद्यावर मी स्लॅबमागे लपलेली आणि तुमच्या पडद्यावर उघड्यावर. दशांश चिन्हानंतर कुठेतरी दोन यंत्रांचे हिशेब जरासे वेगळे होतात आणि शंभर टकरींनंतर ढिगारेच वेगळे होतात. 'क्रॅकडाउन ३'ने दूरच्या सर्व्हरच्या ताकदीवर शहर पाडायचं वचन दिलं होतं. घोषणा २०१४ ची, गेम आला २०१९ मध्ये, आणि ती पाडापाडी फक्त अनेकांनी मिळून खेळायच्या वेगळ्या विभागात. २०२३ च्या 'द फायनल्स'ने सर्व्हरवर हिशेब करून ते पुष्कळ जमवलं. सामने छोटे, मैदानं आखीव.

'बॅटलफील्ड : बॅड कंपनी २'मध्ये मला दुसरीच अडचण कळली. तिथे घरं पडतात, छान पडतात. सामना संपत येईतो लपायला एक भिंत उरत नाही. मग उघड्या माळावर लांबून नेम धरणारा जिंकतो आणि बाकीचे मरत राहतात. नातवाला हे आवडतं. तो लांबून नेम धरतो.

आणि लेखकाला हवं असलेलं 'खरंखुरं' फिजिक्स दिलंच, तर ते त्यांना आवडणार नाही, हे मी पाडकामाच्या अनुभवावरून सांगते. हातबॉम्बने आरसीसीची इमारत पडत नाही. मधली विटांची भिंत फुटेल, सांगाडा जागच्या जागी. काँक्रीट फुटलं तरी सळया तुकडे लोंबत धरून ठेवतात. इमारत पाडायला आम्ही आधी कित्येक दिवस कॉलम कमकुवत करायचो, भोकं पाडायचो, तारा ओढायचो. आणि खरोखर पडल्यावर काय दिसतं? काही नाही. धूळ. बराच वेळ नुसती धूळ. खेळाडूने पडद्यासमोर तेवढा वेळ काय करायचं?

तरी लेखकाची एक तक्रार मला मान्य आहे, त्यांनी ती चुकीच्या नावाने मांडली एवढंच. भिंत फुटत नाही याचा राग येत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन भिंतींपैकी एक फुटते आणि दुसरी फुटत नाही, याचा येतो. 'रेनबो सिक्स सीज'मध्ये ही फसवणूक नाही. कुठली भिंत फुटेल, कुठली नुसती छिद्रं दाखवेल, कुठल्या भिंतीला आतून पोलादी पत्रा लावलाय, हे बघून कळतं. पहिल्या चार-पाच सामन्यांनंतर मी भिंती वाचायला लागले. तिथे बरंचसं अभंगच आहे, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या त्या कुंपणाच्या जागी काँक्रीटचे मोठे ठोकळे ठेवले असते तर मी रणगाडा वळवला असता, पत्र लिहिलं नसतं. ठोकळे चितारायला कुंपणापेक्षा जास्त खर्च येत नाही. इथे मात्र 'आळस' हा शब्द वापरायला माझी हरकत नाही.

तेव्हा आपल्या पुरवणीत गेमची ओळख छापता तेव्हा एक विनंती. चित्रं किती सुंदर आहेत यावर परिच्छेदभर मजकूर असतोच. त्याखाली दोन ओळी एवढ्याच द्या, की या गेममध्ये काय फुटतं, काय फुटत नाही, आणि ते बघून ओळखता येतं का. इमारत विकत घेणाऱ्यालाही कुठली भिंत काढता येईल हे आधी सांगतात.

आपली,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर

ता. क. : पत्र टाइप करायला नातवाची मदत घेतली, त्यामुळे मी दिवसा खेळते हे त्याला आता कळलं. त्याच्या मते तो रणगाडा चाळीस नाही, साठ टनांच्या वरचा होता. दुरुस्ती करून घ्यावी.